उंबऱ्यावरची बोराटी

जेवणाच्या टेबलावर तीन यंत्रं ओळीने मांडली होती आणि अवधूत त्यांच्यासमोर मुली बघायला आलेल्या उपवर मुलासारखा हात मांडीवर ठेवून बसला होता. सायकलच्या हँडलवर बसवायची, काडेपेटीपेक्षा थोडी मोठी यंत्रं. कुठे वळायचं ते सांगणारी.

“कुठली पसंत?” स्वानंदीने विचारलं.

“मला कशाला विचारतेस, डॉक्टरीणबाई? माझ्या पसंतीचे पडदे तरी लागलेत का या घरात?”

स्वानंदी डॉक्टर नव्हती. सांगलीत विश्रामबागेत कानाची मशीन बसवून देण्याचं तिचं छोटंसं क्लिनिक होतं, आणि लग्न झाल्या झाल्या अवधूतने तिला हे नाव चिकटवून दिलं होतं. ती दर वेळी चिडल्यासारखं करायची. मनातून तिला ते फार आवडायचं, आणि त्यालाही हे पक्कं ठाऊक होतं.

तिचा धंद्यातला एक नियम होता. माणसाला काय ऐकू येतं ते विचारत बसायचं नाही. काय ऐकू येत नाही ते शोधायचं आणि तेवढं भरून काढेल असं मशीन निवडायचं. अवधूतला काय येत नाही हे तिच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

अवधूत शेतकऱ्यांना ठिबक सिंचनाची आखणी करून द्यायचा. तासगाव भागातल्या द्राक्षबागांमधली प्रत्येक बांधवाट, कालव्याकडेचा प्रत्येक रस्ता त्याच्या डोक्यात होता. मग एका ऊस हंगामात, अंधारून येत असताना, मागे दिवा नसलेल्या ट्रॉलीवर त्याची सायकल आदळली. डोकं फुटलं. हळूहळू हाडं जुळली, बोलणं परत आलं, आठवणी आल्या. टिंगल करायची खोड तर भूल उतरायच्या आत परत आली. फक्त दिशा आल्या नाहीत. डोक्यातला नकाशा पुसला गेलाय, असं न्यूरॉलॉजिस्टने सांगितलं आणि तो परत येईल का, या प्रश्नावर ते चष्मा पुसत बसले.

स्वानंदीने पलंगापासून बाथरूमपर्यंत आणि तिथून स्वयंपाकघरापर्यंत फरशीवर पिवळ्या चिकटपट्टीचे बाण लावले. लावताना ती रडली नाही. दुसऱ्या दिवशी तो खाली मान घालून बाणांवरून चालताना दिसला, तेव्हा गच्चीवर जाऊन रडली. त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी दूध डेअरी आहे. घरी यायचं तर तिथे डावीकडे वळायचं. अवधूत प्रत्येक वेळी उजवीकडे वळायचा, थोडं पुढे जाऊन थांबायचा आणि स्वतःशीच हसून मागे फिरायचा. डेअरीवाल्यालाच काय, त्याच्या कुत्र्यालाही याची सवय झाली होती. ते शेपूट हलवत त्याला घराच्या फाटकापर्यंत पोचवायला यायचं.

सायकल मात्र तो विसरला नव्हता. “चालवता येते गं. कुठे, तेवढं कळत नाही,” असं तो म्हणायचा. त्याला एकच गोष्ट हवी होती. पूर्वी दर दिवाळीच्या आधी जायचा तसं सांगलीहून साताऱ्याला आईकडे, सायकलने, एकट्याने जायचं. स्वानंदीलाही एकच गोष्ट हवी होती. तो घरी परत यायला हवा होता.

पहिलं यंत्र दिसायला सगळ्यांत देखणं होतं. काचेवर बोट फिरवून चालायचं, आणि घामेजलेल्या बोटाला अजिबात दाद द्यायचं नाही. दुसरं बोलायचं, पण वळण मागे पडल्यावर. “हे माझ्याच जातीचं आहे,” अवधूत म्हणाला. “याला आधी एक मशीन घेऊन द्यावं लागेल.” तिसरं काळं, जाडजूड, नुसता ठोकळा. पण त्याला बटणं होती. ते भर उन्हात स्पष्ट दिसायचं, छातीला बांधायच्या पट्ट्यावरून नाडी मोजायचं आणि अवधूत कुठे आहे तो ठिपका स्वानंदीच्या फोनवर दाखवत राहायचं. शिवाय बाजूला एक लाल बटण होतं. आधी लिहून ठेवलेले तीन निरोप त्यावरून पाठवता यायचे.

स्वानंदीने पहिला निरोप लिहिला, ‘ठीक आहे.’ दुसरा, ‘उशीर होईल.’ तिसऱ्यापाशी ती अडली. अवधूतने तिच्या हातातून फोन घेतला आणि लिहिलं, ‘घर सापडत नाही.’

“हे काय भलतंच?”

“भलतं कसलं? काय येत नाही ते आधी सांगायचं. तुझाच नियम ना?”

त्या बटणासाठी तिने तिसरं यंत्र ठेवून घेतलं. उरलेली दोन परत करायला गेली तेव्हा दुकानदार ऋषिराजने त्याचा आणखी एक गुण सांगितला. हे यंत्र मळलेल्या वाटांनी नेतं. जिथून जास्त माणसं जातात ती रेघ त्याच्या नकाशावर जाड होत जाते. “म्हणजे वहिनी, हमरस्त्याची कटकट नाही. माहीतगार लोक जिथून जातात तिथूनच हे नेणार.” उसाच्या ट्रॉल्या चुकणार, एवढंच स्वानंदीच्या कानात शिरलं.

पहिले काही रविवार फार सुखाचे गेले. यंत्राने त्याला तासगावकडे कालव्याच्या कडेने नेलं, बेदाण्याच्या शेडांमागून नेलं, बागांमधून नेलं. स्वानंदी गाडी घेऊन मागे राहायची. वळण आलं की यंत्र वाजायचं, अवधूत हात बाहेर काढून थाटात वळायचा. अपघातानंतर त्याची पाठ इतकी सरळ तिने पाहिली नव्हती.

मग ते साताऱ्याच्या वाटेवर कडेगावच्या पुढपर्यंत जाऊन बघायला निघाले. कडेगाव मागे पडलं, ऊस संपला, माळ लागला. सांगली जिल्हा संपून सातारा जिल्हा लागतो त्या उंचवट्यावर यंत्र वाजलं. डावीकडे. अवधूत थांबला, कारण डावीकडे रस्ता नव्हता.

स्वानंदी गाडीतून उतरून पुढे आली. पडद्यावर डावीकडची रेघ जाड होती. इतकी जाड रेघ तिने आजवर कुठेच पाहिली नव्हती. ज्यावर ते उभे होते तो डांबरी रस्ता तिच्यापुढे शिवणाच्या दोऱ्याएवढा दिसत होता.

जमिनीवर दोन्ही बाजूंना दगडांची रांग होती, मध्ये खुरटं गवत. तोंडाशी बोराटी आडवी टाकलेली होती. बोरीची वाळकी, काटेरी फांदी, आणि तिच्या दोन्ही टोकांवर चुना फासलेले धोंडे. गवतावर चाकाची खूण नव्हती, पावलाचीही नव्हती. वारा माळावर सगळीकडे होता. त्या दोन रांगांमधलं गवत तेवढं हलत नव्हतं.

एक दगड सणसणत आला आणि अवधूतच्या पुढच्या चाकाशी फुटला.

“ओ सायकलवालं! म्हागं सरा!”

चढावर मेंढरं होती आणि त्यांच्यापुढे खांद्यावर घोंगडं टाकलेला एक धनगर. हातातली गोफण अजून लोंबत होती. दोन कुत्री न भुंकता खाली आली आणि स्वानंदीच्या गाडीच्या दोन बाजूंना उभी राहिली.

“दगड काय मारताय? लागला असता म्हणजे?”

“लागाय मारला न्हाई. लागाय मारला असता तर लागला असता,” तो म्हणाला. त्याचं नाव धुळा. “आडवी काटी दिसत न्हाई व्हय?”

“रस्ता बंद असल्याची पाटी कुठाय?”

“काटी हाय की.”

त्याच्यामागून एक म्हातारी उतरून आली. ती त्याची आई, रंगुबाई. तिने कुत्र्यांना हात केला, पण ती हलली नाहीत.

“बाई, ही वाट बांधल्याली हाय,” ती म्हणाली. “माज्या सासऱ्याच्या आदीपास्नं. दरसाली नवी काटी घालायची, तेवढं आमचं काम. का घालायची ते त्येनंबी इचारलं न्हाई, मीबी न्हाई.”

“आणि कुणी गेलं तर?”

“चुकून ग्येलं, तर ज्या तोंडानं आत ग्येलं त्याच तोंडानं म्हागारी यायचं. पल्याडच्या तोंडानं निगायचं न्हाई. मेंढरू जरी पल्याड निगालं तरी आमी त्येला परत कळपात घेत न्हाई.”

“का? काय होतं त्याला?”

“काय सुदिक हुत न्हाई. दिसाय तेच दिसतंय. पर त्येची आईबी त्येला जवळ करत न्हाई.”

स्वानंदीला असल्या गोष्टींचा मनापासून कंटाळा होता. तिने हँडल वळवून पडदा म्हातारीपुढे धरला. “हे बघा, मावशी. सगळ्यात जास्त लोक इथूनच जातात, असं हे मशीन सांगतंय. मग ते कोण?”

रंगुबाईने त्या जाड रेघेवरून लांबूनच बोट फिरवलं.

“ह्यात जानारी दिसत्यात,” तिने विचारलं, “का येनारी?”

स्वानंदीने हँडल परत फिरवलं. ती दोघं हमरस्त्यानेच परत आली. धुळा आणि त्याची कुत्री गाडी दिसेनाशी होईपर्यंत रस्त्यात उभी होती. घरी आल्यावर स्वानंदीने सेटिंगमध्ये जाऊन मळलेल्या वाटा बंद करून टाकल्या.

साताऱ्याला निघायच्या दिवशी चहा पिताना अवधूत म्हणाला, “त्या वाटा मी परत चालू केल्यात. रागावू नकोस. हमरस्त्यावर ट्रॉली दिसली की माझे हात कापतात. त्या माळावर तेवढं सरळ जायचं, आहे माझ्या लक्षात.”

तिने नाही म्हणायला हवं होतं. पण दिवाळीला गावी निघालेल्या पोराचा आनंद त्याच्या चेहऱ्यावर होता, आणि तो विझवायचं तिच्या जिवावर आलं. तिने हँडलवर पिवळ्या चिकटपट्टीचा तुकडा लावला आणि त्यावर लिहिलं, ‘काटी दिसली की सरळ.’ स्वतः त्याच्या छातीला पट्टा आवळून बांधला, वर शर्टाची बटणं लावली.

“जातो, डॉक्टरीणबाई,” तो म्हणाला.

“येतो म्हणावं.”

“येतो.”

तासगाव झालं. कडेगाव झालं. ‘ठीक आहे,’ ‘ठीक आहे,’ निरोप येत राहिले. क्लिनिकमध्ये एका आजोबांच्या कानात मशीन बसवताना तिने फोनकडे पाहिलं. ठिपका माळावर होता. तो थांबला. मग डावीकडे वळला.

तिने फोन लावला, लागला नाही. ठिपका त्या जाड रेघेवरून सरळ आत चालला होता. नाडीचा आकडा चढत होता. अर्ध्या वाटेवर ठिपका थबकला आणि निरोप आला, ‘उशीर होईल.’ त्यानंतर ठिपका नकाशावरून गेला.

स्वानंदी आजोबांना तसंच खुर्चीवर सोडून निघाली. माळावर पोचली तेव्हा बोराटी जागच्या जागी होती, चुन्याचे धोंडेही. आतल्या गवतावरून मात्र एका सायकलची रेघ गेली होती. रंगुबाई आणि धुळा तिथेच होते, जणू तिचीच वाट बघत होते.

“कुठाय तो?”

“आमी मेंढरास्नी पानी दावाय ग्येलो हुतो,” धुळा म्हणाला. “सांगितलं हुतं तुमास्नी. शिकल्याली मानसं तुमी. आता काय, जावा आत, हुडका!”

“गप रं,” रंगुबाई म्हणाली.

तेवढ्यात फोन वाजला. साताऱ्याहून सासूबाई, गोदावरीबाई. “अगं, अवधूत पोचला,” त्या म्हणाल्या. आवाज फार हळू होता. “तू ये.”

सायकलने एवढ्या लवकर कसा, हे स्वानंदीच्या डोक्यातही आलं नाही. ती गाडीला टेकून हसू लागली, डोळे पुसू लागली. “पोचला! पोचला तो, मावशी!”

रंगुबाई हसली नाही. “पल्याड निगाला म्हंजी,” ती म्हणाली. तिने बांधावरच्या बोरीची एक फांदी विळ्याने तोडली आणि गाडीच्या डिकीत टाकली. “उंबऱ्यावर आडवी घाल. त्येच्या म्हागनं काय आलं, तर दारातनं परत जाईल. आमी एवढंच जानतो, बाई. ह्याच्या फुडं आमास्नीबी ठावं न्हाई.”

साताऱ्याच्या घरी अवधूत ओसरीवर बसला होता. धड होता, हातीपायी नीट. स्वानंदीने त्याला घट्ट मिठी मारली. तो तसाच बसून राहिला.

“वाट कशी सापडली?”

“सापडली.”

“मशीन?”

“पडलं.”

“आणि पट्टा?”

“तोही.”

शर्टाच्या आत आवळून बांधलेला पट्टा पडतो कसा, हे तिने विचारलं नाही. हँडलवरचा पिवळा तुकडाही नव्हता.

गोदावरीबाई मागच्या अंगणात तुळशीपाशी बसल्या होत्या. लेक आला की त्याचं डोकं दोन्ही हातांनी कुरवाळल्याशिवाय ज्यांना चैन पडायचं नाही, त्या घराकडे पाठ करून बसल्या होत्या.

“जेवला का हो तो, आई?”

“मी वाढलं नाही.” तुळशीकडेच बघत त्या म्हणाल्या, “घेऊन जा गं त्याला.”

परतीच्या रस्त्यावर प्रत्येक वळण अवधूतने आधी सांगितलं. डावीकडे. सरळ. आता उजवीकडे. नकाशा परत आला होता! स्वानंदी गाडी चालवता चालवता आनंदाने रडत होती. सासूबाईंचं वागणं, तो पट्टा, सगळं तिने त्या आनंदात बुडवून टाकलं. डेअरीपाशी ती मुद्दाम थांबली. “डावीकडे,” तो म्हणाला. डेअरीवाल्याचं कुत्रं उठलं आणि गुरगुरत मागे सरलं.

न्यूरॉलॉजिस्टना तर केवढा आनंद झाला. मेंदूचं काही सांगता येत नाही, असं ते तीनतीनदा म्हणाले.

अवधूतने फरशीवरचे बाण खरवडून काढले. साताऱ्याहून टपावर बांधून आणलेली सायकल भंगारवाल्याला देऊन टाकली. तो घरात दिवे न लावता फिरायचा आणि कशालाही धडकायचा नाही. जेवायला दाराकडे तोंड करून बसायचा. तो आता तिला स्वानंदी म्हणायचा, पूर्ण नावाने, शाळेत हजेरी घेतात तसं. एकदा तिने त्या माळावरच्या वाटेबद्दल विचारलं. तो जेवायचा थांबला आणि ती गप्प होऊन मान खाली घालेपर्यंत तिच्याकडे बघत राहिला. त्या नजरेत राग होता. त्यांच्या लग्नापेक्षा कितीतरी जुना राग. त्यानंतर स्वानंदी स्वतःच्या घरात पावलांचा आवाज न करता वावरू लागली.

आणि मग एके दिवशी फोनवर ठिपका परत उगवला.

तो माळाच्या पलीकडच्या टोकाला होता, सातारा जिल्ह्यात. तिने ऋषिराजला फोन केला. “कुणा मेंढक्याला सापडलं असेल, वहिनी. पण बॅटरी कशी टिकली हो?” तो म्हणाला. ठिपका माणसाच्या चालीने चालत होता. एखाद्या फाट्यावर थांबायचा, भलत्याच रस्त्याला लागायचा, बऱ्याच वेळाने मागे फिरायचा. तरी एकंदरीत तो दक्षिणेकडे येत होता. कडेगाव. मग किती तरी दिवस तासगावच्या बागांमध्येच घिरट्या. ठिपक्याशेजारी नाडीचा आकडा होता. म्हणजे पट्टाही त्याच्याच अंगावर होता, जो कोण होता त्याच्या.

आपल्या नवऱ्याच्या छातीवरचा पट्टा लावून काहीतरी आपल्या घराकडे निघालंय. आयुष्यभर कानाची मशीन बसवणाऱ्या, अंगारेधुपारे करणाऱ्यांना हसणाऱ्या स्वानंदीने हे वाक्य मनात पुरतं उच्चारलं आणि ती उठून दाराची कडी तपासून आली.

ठिपका सांगलीत शिरला तेव्हा भर दुपार होती. गल्ली उन्हाने ओस पडली होती.

“येतंय,” ती म्हणाली.

अवधूत स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. “काटी आहे ना डिकीत? घाल उंबऱ्यावर.”

किती दिवसांनी तो तिच्या बाजूने काही बोलला होता. ती धावत गेली, वाळलेली बोराटी ओढत आणली, दाराशी आडवी टाकली आणि दोन्ही टोकांवर कुंड्या ठेवल्या. काटे बोटांत घुसले. तिने ते उपसले आणि फोन उचलला.

ठिपका डेअरीपाशी येऊन थांबला होता.

मग तो उजवीकडे वळला.

थोडा पुढे गेला. थांबला. मागे फिरला.

स्वानंदी बघतच राहिली.  डिकीतल्या काटीबद्दल ती घरात एक अक्षरही बोलली नव्हती.

ठिपका गल्लीत आला. गल्लीत कुणीच नव्हतं. नुसतं डेअरीवाल्याचं कुत्रं येत होतं. कुणाच्या तरी पायांत घोटाळत, शेपूट हलवत. फाटकापाशी ते थांबलं आणि वर बघू लागलं.

फोनवर नाडी धावत होती.

“अवधूत!” ती बाहेर बघून ओरडली.

हातात फोन थरथरला.

‘घर सापडत नाही.’

ती काटी उचलायला वाकली. मागून, घराच्या आतून, बोराटीवर एक अनवाणी पाऊल येऊन पडलं, सगळा भार देऊन. काटे पार आत गेले. रक्त आलं नाही.

“कुणाचा निरोप, डॉक्टरीणबाई?” त्याने विचारलं.

तिने दोन्ही हातांनी फांदी ओढली. पाऊल हललं नाही. तिने नखांनी ओरबाडलं, दातांनी चावलं, ती ओरडत राहिली. पाऊल हललं नाही.

फोन फरशीवर पडला होता. त्यावरचा ठिपका फाटकापासून सरकला. कुत्रं थोडं त्याच्याबरोबर गेलं आणि रस्त्यात बसून राहिलं. ठिपका डेअरीपर्यंत पोचला, थांबला, आणि भलत्याच बाजूला वळला.

फोन पुन्हा एकदा थरथरला.

‘उशीर होईल.’